दार कोणी लावावे?

इंटरनेटवरील संगणकाला ६५,५३६ क्रमांकित दारे असतात. त्यांस पोर्ट म्हणतात. ११ ऑगस्ट २००३ रोजी ‘ब्लास्टर’ नावाचा किडा विंडोजच्या १३५ क्रमांकाच्या दारातून घरोघरी शिरू लागला. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती १६ जुलैलाच दिली होती. पण घरच्या माणसाला हे सांगणार कोण? ती उतरवून घ्यायला बसावे, तर यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई! तेव्हा अनेक इंटरनेट कंपन्यांनी ते दार आपल्याच वाटेवर बंद केले. किड्याची वाट अडली, हे मान्य. मात्र त्याच दाराने कचेरीचे एक्स्चेंजवरील टपाल घरून पाहणारेही अडले. आपण म्हणाल, साथीत नाकाबंदी होणारच. खरे आहे, परंतु तिची दवंडी पिटावी आणि जाणत्याने मागितल्यास दार उघडून द्यावे, एवढेच माझे म्हणणे.