गाठीचं नाव ठरवण्याआधी





मिरजेचं आणि छातीच्या आजारांचं नातं जुनं आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय सुरू केलं. पुढे वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम उभं राहिलं. आजही खोकला, ताप, उतरलेलं वजन आणि छातीतल्या गाठी असं ऐकलं की आमच्या तोंडी आधी टीबी येतो. रुग्णसंख्या पाहता तो यायलाच हवा. पण तशाच गाठी सार्कॉइडोसिसमध्ये दिसतात आणि कर्करोगातही. या दोघांचं एकमेकांशी काय नातं आहे, हे समजून घ्यायला आपण या परिषदेत दोन दिवस एकत्र बसणार आहोत.

नात्याची सुरुवात नावापासूनच होते. नॉर्वेचे त्वचारोगतज्ज्ञ सीझर बोक यांनी १८९९ मध्ये कातडीवरच्या गाठींचा तुकडा तपासला. त्यातल्या पेशी त्यांना सार्कोमासारख्या वाटल्या, पण आजार सौम्य होता. म्हणून त्यांनी नाव दिलं सार्कॉइड, म्हणजे सार्कोमासारखा. या आजाराच्या नावातच कर्करोगाची सावली आहे.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंची हकीकत सांगते. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार पूर्ण होऊन काही वर्षं लोटली होती. पेट स्कॅनमध्ये छातीतल्या गाठी लखलखल्या आणि 'आजार परत आलाय, छातीत पसरलाय' असं त्यांना दुसरीकडे सांगण्यात आलं. कापडी पिशवीतून त्यांनी रिपोर्ट काढला, तो घड्या घालून घालून मधोमध फाटायला आला होता. मुलीच्या लग्नाची तारीख त्यांनी पुढे ढकलली होती. स्कॅन उजेडावर धरला, तर दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी गाठी अगदी जोडीने, सारख्याच. इबसच्या सुईने नमुना घेतला. काचेवर ग्रॅन्युलोमा होते, मध्ये कुजलेला भाग नाही, कर्करोगाची एकही पेशी नाही. जीन एक्सपर्ट निगेटिव्ह, कल्चरमध्येही काही वाढलं नाही. त्रास नसल्यामुळे औषध दिलं नाही, फक्त लक्ष ठेवलं. दीड वर्षात गाठी आपोआप ओसरल्या. लग्न त्याआधीच झालं होतं.

उलट घडलेलंही सांगायला हवं. एका तरुणाच्या सुईच्या छोट्याशा नमुन्यात ग्रॅन्युलोमा दिसले. टीबीचा पुरावा नव्हता, म्हणून मी सार्कॉइडोसिस ठरवून स्टिरॉइड सुरू केलं. गाठी आक्रसल्या, आम्हा सगळ्यांना बरं वाटलं. काही महिन्यांनी ताप, रात्रीचा घाम आणि मानेत नवी गाठ. ती अख्खी काढून तपासली तेव्हा हॉजकिन लिम्फोमा निघाला. ग्रॅन्युलोमा त्याही गाठीत होते, लिम्फोमाच्या शेजारीच. स्टिरॉइडने लिम्फोमाही काही काळ आक्रसतो, हे मला ठाऊक होतं. तरी अख्खी गाठ काढायला मी उशीर केला, याचं शल्य आजही आहे.

कर्करोगाच्या परिसरातल्या गाठींमध्ये सार्कॉइडसारखी प्रतिक्रिया उमटते, ही गोष्ट नवी नाही. डेन्मार्कचे ब्रिंकर यांनी १९८६ मध्ये मांडलेले आकडे आपल्यापैकी अनेकांना पाठ असतील: कार्सिनोमात ४.४ टक्के, नॉन-हॉजकिन लिम्फोमात ७.३ टक्के, हॉजकिनमध्ये १३.८ टक्के. आता इम्युनोथेरपीच्या औषधांमुळेही अशा गाठी उगवतात आणि औषध काम करत असतानाच आजार वाढल्यासारखा दिसतो.

सार्कॉइडोसिसमुळे पुढे कर्करोग होतो का, हा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही. ब्रिंकर आणि विल्बेक यांनी १९७४ मध्ये २,५४४ रुग्णांचा अभ्यास मांडला. लिम्फोमा अपेक्षेपेक्षा अकरा पट, फुप्फुसाचा कर्करोग तीन पट. जग हादरलं. पण १९९८ मध्ये डेन्मार्कमधल्याच ५५५ रुग्णांच्या दीर्घ पाठपुराव्यात असा वाढीव धोका दिसला नाही. २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा एकूण धोका १.१९ पट भरला. माझं मत स्पष्ट आहे: एवढ्या आकड्यावर रुग्णाला घाबरवू नये. सुरुवातीला सार्कॉइडोसिस म्हणून नोंदलेले काही रुग्ण मुळात लिम्फोमाचेच असतात, हेही या आकड्यांत मिसळलेलं आहे. मला काळजी वाटते ती फाइलवर एकदा निदान लिहिलं की पुढे कुणी ते उघडून बघत नाही याची.

तालुक्याच्या ठिकाणी इबस नाही, चांगला पॅथॉलॉजिस्ट शंभर किलोमीटरवर, आणि रुग्णाच्या हातात एसटीच्या भाड्यापुरते पैसे. अशा वेळी कोणाला थांबवायचं, कोणाला त्याच दिवशी पुढे पाठवायचं, कोणाची एकेटी सुरू करायची, यावर इथे मोकळेपणाने बोलावं, भांडावंसुद्धा. निवासी डॉक्टरांनी तर आवर्जून प्रश्न विचारावेत.

दुपारी जेवणात भाकरी-भरलं वांगं आहे, चहाबरोबर सांगलीचा भडंग. संध्याकाळी ज्यांना वेळ असेल त्यांना आमचे कार्यकर्ते सतारमेकर गल्लीत घेऊन जातील, भोपळ्याची सतार होताना पाहता येईल.

त्याआधी एक विनंती. शेजारच्या दालनात मायक्रोस्कोप मांडले आहेत. नावं झाकलेल्या बारा काचा आहेत, सोबत कोऱ्या चिठ्ठ्या. संबंधितांच्या परवानगीने त्यात त्या बाईंची काच आहे आणि त्या तरुणाच्या दोन्ही. सत्र सुरू व्हायला वीस मिनिटं आहेत. काय दिसलं ते चिठ्ठीवर लिहा आणि मगच आत या.