वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांच्या पालकांस



आपल्या मुलामुलींनी वैमानिक व्हावे, ही आकांक्षा योग्यच आहे. परंतु तिची तयारी विमानात नव्हे, घरातील अभ्यासात सुरू होते.

एक गृहस्थ शेत गहाण ठेवून उड्डाणशिक्षणाची फी भरून बसले. पुढे मुलगा वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरला. ते करारपत्र घेऊन माझ्याकडे आले. त्यात फी परतीचे कलमच नव्हते. म्हणून आधी मान्यताप्राप्त वैद्यकीय तपासणी, मग कराराचे वाचन आणि शेवटी पैसा, हा क्रम मोडू नका.

अकरावीतच भौतिकशास्त्र व गणित घ्यावे. व्यावसायिक परवान्यास वयाची १८ वर्षे, किमान २०० तासांचे उड्डाण आणि हवाई नियम, मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र इत्यादी विषयांत शेकडा ७० गुण लागतात. हे पाठांतराने साधणार नाही. ताशी १२० मैल वेगाच्या विमानास समोरून २० मैलांचा वारा लागला, तर ३०० मैलांस अडीचऐवजी तीन तास लागतात. तेवढे इंधन आहे काय? अशी गणिते रोज हाताने सोडवावीत. दिशेत एका अंशाची चूक झाली, तर ६० मैलांवर विमान एक मैल बाजूस जाते. अभ्यासातील चूकही त्याच दिवशी सुधारावी.

जुनी पुस्तके पारखून घ्या. १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ अमलात आला आहे.

घरात रोज दोन तास शांतता राखा. आणि त्या वेळी मुलीला चुलीकडे हाक मारू नका.