ठेव आणि सत्य : विमागणितीचा व्यवसायधर्म



तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांपैकी न्यासापहार हा व्यापारी समाजाने विशेष ध्यानात ठेवावा असा आहे. ठेवीदार आपल्या ठेवीचा आकडा विसरला व कमी मागू लागला. तेव्हा ठेव सांभाळणारा ‘तेवढीच होती’ असे म्हणाला, तर आकडा ठेवीदाराने सांगितलेला असला तरी दोष सांभाळणाऱ्याचाच. दुसऱ्याचे अज्ञान ही आपली कमाई नव्हे.

आधुनिक काळात या कसोटीला नित्य सामोरा जाणारा व्यावसायिक म्हणजे ॲक्चुअरी, अर्थात विमागणिती. मृत्यूमान व व्याजदर यांचे गणित मांडून विम्याचा हप्ता किती असावा आणि आज दिलेले वचन तीस-चाळीस वर्षांनी पाळण्यासाठी किती निधी राखावा, हे तो सांगतो. विमेदाराला ते गणित तपासता येत नाही. त्याच्याजवळ केवळ विश्वास असतो.

हा विश्वास ढळला तर काय होते, हे लंडनच्या इक्विटेबल लाइफ या १७६२ साली स्थापन झालेल्या संस्थेने दाखवून दिले. विमा व्यवसायात ‘ॲक्चुअरी’ हे पदनाम प्रथम तिनेच योजले. १९५७ ते १९८८ या काळात तिने अनेक सभासदांना निवृत्तिवेतनाच्या किमान दराची हमी दिली. १९९० नंतरच्या दशकात व्याजदर उतरले आणि हमी महाग पडू लागली. तेव्हा हमी मागणाऱ्याचा अंतिम बोनस कमी करण्याचा मार्ग संस्थेने पत्करला. इतर सभासदांवर भार पडू नये, हा संचालकांचा युक्तिवाद होता. पण त्यामुळे हमी कागदावरच उरली. जुलै २००० मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने हा मार्ग अमान्य केला. त्या डिसेंबरात संस्थेने नवा व्यवसाय थांबवला आणि जुलै २००१ मध्ये निवृत्तिवेतन योजनांचे मूल्य १६ टक्क्यांनी कापले गेले. त्याची झळ उतारवयातील निरपराध सभासदांना बसली.

आणखी एक गोष्ट बोधप्रद आहे. १९९१ ते १९९७ या काळात त्या संस्थेचा मुख्य कार्यकारी आणि नियुक्त विमागणिती एकच व्यक्ती होती. धोक्याची सूचना देणारा आणि ती ऐकणारा एकच असेल, तर सूचना द्यायची कोणी?

भारतात २००६ च्या ॲक्चुअरीज कायद्याने या व्यवसायाला वैधानिक शिस्त लावली. माहीत असलेली महत्त्वाची बाब अहवालात दडवणे, संमतीविना गोपनीय माहिती उघड करणे, घोर निष्काळजीपणा करणे हे तेथे व्यावसायिक गैरवर्तन ठरते. कूटलेखक्रिया आणि साकारमंत्रभेद हे अतिचार जाणणाऱ्या श्रावकाला यात नवे काही वाटणार नाही. मात्र कायदा चूक घडल्यावर विचारतो. व्रत ती घडण्यापूर्वी हात धरते.

सार्वजनिक संस्थेलाही आपल्या भाषेत ‘न्यास’च म्हणतात, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. पन्नास वर्षांत ज्यांनी दान दिले, त्यांतील अनेक दाते आज हिशेब मागण्यास हयात नाहीत. न मागितलेला हिशेबही चोख ठेवणे, हीच सुवर्णमहोत्सवाची खरी प्रभावना होय.

जय जिनेंद्र.