माती हेच मुद्दल



पाटोदा तालुक्यातील गवळवाडीजवळ, बालाघाटच्या डोंगररांगेत मांजरा नदीचा उगम आहे. तेथून निघालेले पाणी केज तालुक्यातील धनेगाव येथील धरणात साठते आणि त्या साठ्यावर शेजारच्या लातूर शहराची तहान भागते. २०१६ च्या उन्हाळ्यात हे धरण कोरडे पडले. एप्रिल महिन्यात मिरजेहून, सुमारे ३४० किलोमीटर अंतरावरून, रेल्वेच्या टाक्यांतून लातूरला पाणी आणावे लागले. त्या गाडीची छायाचित्रे देशभर झळकली. परंतु ज्या डोंगरांवरून मांजरेला पाणी मिळते, त्या डोंगरांच्या उघड्या पडलेल्या अंगाकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. आजच्या विषयाचे मूळ त्या उघड्या डोंगरात आहे.

बीड जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. येथे वर्षाकाठी सरासरी ६०० ते ६५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही लहरीने. तरीही हिशेब मांडून पाहावा. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा हजार लिटर पाणी होते. ६०० मिलिमीटर म्हणजे हेक्टरी ६० लाख लिटर. जमा बाजू इतकी मोठी असताना फेब्रुवारी-मार्चमध्येच टँकरची वाट का पाहावी लागते? कारण उतारावर पडलेले पाणी थांबत नाही, आणि जाताना ते मातीही घेऊन जाते. हेक्टरभर रानातील केवळ एक सेंटिमीटर माती वाहून गेली, तरी ती शंभर घनमीटर भरते. हा थर घडविण्यास निसर्गाला शतके लागतात आणि एखादा वळीव तो एका दुपारी धुऊन नेतो. माती हे शेतीचे मुद्दल आहे आणि पीक हे त्यावरील व्याज. ज्या पेढीचे मुद्दलच दरवर्षी घटत जाते, तिचे व्याज किती दिवस पुरणार?

या घटत्या मुद्दलाची किंमत कोण मोजते, हे जिल्ह्यात कोणाला सांगावयास नको. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्यांच्या मागे गावात म्हातारी माणसे राहतात आणि मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. डोंगरकपारीची मुरमाड जमीन कुटुंबाला वर्षभर पोसू शकत नाही, हे या स्थलांतराचे एक मोठे कारण आहे. मजुराच्या डोक्यावर जशी मुकादमाची उचल असते, तशीच गावाच्या डोक्यावर भूजलाची उचल असते. विंधन विहिरी खोल खोल नेऊन उपसलेले पाणी ही पुढच्या पिढ्यांच्या नावावर घेतलेली उचलच होय.

ती फेडण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९७२ च्या दुष्काळात हजारो हातांनी पाझर तलाव आणि नालाबांध उभे केले. त्या अनुभवातून राज्याची रोजगार हमी योजना आकाराला आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. १९८२ मध्ये डॉ. द्वारकादास लोहिया यांनी अंबाजोगाई येथे मराठवाडा नवनिर्माण लोकायत, म्हणजेच ‘मानवलोक’ ही संस्था स्थापन केली. अल्पभूधारक आणि मजूर यांना सोबत घेऊन तिने माती-पाण्याची कामे हाती घेतली. मात्र पूर्वीच्या तलावांत वर्षानुवर्षे गाळ साठत गेला. वरच्या डोंगरावरचे मुद्दल खालच्या तलावात जाऊन निजले. शेत मातीवाचून रिकामे आणि तलाव पाण्यावाचून रिकामा, असे दुहेरी नुकसान झाले.

२०१३ च्या दुष्काळात या गाळाकडे नव्या दृष्टीने पाहिले गेले. मूळचे बीड जिल्ह्यातीलच असलेले श्री. शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने त्या वर्षी जिल्ह्यातील शंभराहून अधिक तलावांतील गाळ काढण्याचे काम केले. शेतकऱ्यांनी तो गाळ स्वतःच्या रानात वाहून नेला. पुढे २०१७ मध्ये राज्य शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली. या व्यवहारात एकाच खेपेत दोन खाती भरतात : तलावाची साठवण वाढते आणि हलक्या जमिनीची ओल धरण्याची शक्तीही वाढते. पथ्ये मात्र पाळावी लागतात. गाळ मुरमाड, हलक्या रानालाच मानवतो. मुळात भारी असलेल्या काळ्या जमिनीवर तो टाकल्यास पाणी तुंबते. तलावाचा तळ नको तितका खरवडला, तर साठलेले पाणीच झिरपून जाते. आणि वरचा डोंगर उघडाच राहिला, तर काही पावसाळ्यांत तलाव पुन्हा गाळाने भरतो.

म्हणूनच ‘माथा ते पायथा’ हा पाणलोटाचा पहिला धडा आहे. डोंगरमाथ्यावर समतल चर, उतारावर अनगड दगडी बांध, शेतात बांधबंदिस्ती, आणि सर्वांत शेवटी नाल्यावरचे काम. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनने ‘वॉटर कप’ स्पर्धा सुरू केली, तेव्हा राज्यातील पहिल्या तीन तालुक्यांत अंबाजोगाईचा समावेश होता. त्या वर्षी तालुक्यातील खापरटोन गावाने दुसरा क्रमांक विभागून मिळविला. पुढील वर्षांत जिल्ह्यातील आणखी तालुके स्पर्धेत उतरले. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने श्रमदान करणाऱ्या गावांना यंत्रे पुरविली. ऐन एप्रिल-मेच्या उन्हात, कारखान्यांचे पट्टे पडून परतलेल्या हातांनी कोयता ठेवून कुदळ उचलली. ज्या गावात एका पारावर दोन गट बसत नसत, तेथे एका चरात दोन्ही गटांची माणसे घमेली देऊ लागली. ही मिळकत कोणत्याही मोजमाप पुस्तिकेत नोंदविता येणार नाही.

परंतु जमेबरोबर खर्चाची बाजूही वाचली पाहिजे. वॉटर कप स्पर्धा २०१९ नंतर थांबली आणि संस्थेने समृद्ध गाव व पुढे फार्मर कप या उपक्रमांकडे मोर्चा वळविला. शासनाच्या जलयुक्त शिवार अभियानाविषयी महालेखापरीक्षकांच्या २०२० मधील अहवालाने असे दाखविले की, मोठा खर्च होऊनही अनेक ठिकाणी भूजलपातळी अपेक्षेप्रमाणे वाढली नाही. यात नवल वाटण्याचे कारण नाही. चर खणणे हे पंचेचाळीस दिवसांचे काम आहे, तर मुरलेले पाणी जपून वापरणे हे बारा महिन्यांचे. पाणी अडले की विंधन विहीर वाढते, विंधन विहिरीमागोमाग ऊस येतो, आणि चरांनी जमा केलेले पाणी मोटारी खर्ची टाकतात. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९८९ पासून श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली जे साधले, त्यात खणण्याइतकाच वाटा नियमांचा होता. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी झाली, सिंचनासाठी विंधन विहिरींना मनाई झाली, आणि पाण्याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेपुढे मांडून पीक ठरू लागले.

आता उरतो तो डोंगराच्या पांघरुणाचा प्रश्न. बालाघाटचे माळ म्हणजे ओसाड जागा, हा समज चुकीचा आहे. पवन्या, मारवेल, डोंगरी यांसारख्या गवतांची ही मूळ कुरणे आहेत. त्यांत खैर, धावडा, पळस, हिवर, बोर, आपटा विखरून उभे असतात. काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल यांचे घर हेच. पाटोदा तालुक्यात १९९४ मध्ये घोषित झालेले नायगाव मयूर अभयारण्य या वारशाची साक्ष देते. गवताच्या मुळांचे जाळे मातीला जसे धरून ठेवते, तसे खड्डा करून लावलेले एकटे रोप धरू शकत नाही. तरीही हिरवाई म्हणून गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी यांच्या रांगा लावण्याची घाई अनेक वर्षे झाली. अशी झाडे लवकर वाढतात, पण मूळच्या पाखरांना त्यांचा आसरा फारसा लाभत नाही. बीड शहराजवळील पालवणच्या डोंगरावर श्री. सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने ‘सह्याद्री देवराई’ उभी राहिली. फेब्रुवारी २०२० मध्ये तेथे वृक्षसंमेलन भरले आणि त्याचे अध्यक्षपद एका वडाच्या झाडाला देण्यात आले. देशी झाडांना मिळालेला हा मान स्वागतार्ह आहे. त्याच्या जोडीला गवतालाही मान मिळाला पाहिजे.

मात्र येथेच सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो. डोंगर राखावयाचा, तर चराई थांबवावी लागते. चराई थांबली की पहिला फटका कोणाला बसतो? ज्याची विहीर आहे त्याला नव्हे. तो बसतो भूमिहीन बाईच्या चार शेळ्यांना आणि धनगराच्या मेंढरांना. पाणी वाढले की पहिला लाभ मात्र विहीरवाल्यालाच मिळतो. एकाने त्याग करावयाचा आणि दुसऱ्याने नफा घ्यावयाचा, अशी भागीदारी फार काळ टिकत नाही. एखाद्या रात्री कोणी कळप सोडतो, कोणी माळ पेटवून देतो आणि मग त्याला समाजकंटक ठरविले जाते. खरे तर भागीदारीचा करारच सदोष असतो. डोंगराचे तुकडे पाडून आळीपाळीने चराई खुली ठेवणे, राखलेले गवत कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीनांना देणे, आणि वाढलेल्या पाण्यातून सार्वजनिक चाऱ्याचा एक पट्टा पिकविणे, हे उपाय ग्रामसभेच्या हातात आहेत.

दानशूर समाजाने याकडे विशेष लक्ष द्यावे. यंत्राच्या तासांसाठी देणगी मिळते, कारण खणलेला खड्डा दिसतो आणि त्यावर फलकही लागतो. परंतु राखणदाराचा पाच वर्षांचा पगार, चराईबंदीच्या पहिल्या दोन वर्षांतील चारा, फुटलेल्या बांधाची वर्षाआड दुरुस्ती, यांना दाता मिळत नाही. लागवड सोहळ्याची आणि राखण मात्र बिनहिशेबी, असे चालल्याने कित्येक डोंगरांवर आज रिकामे खड्डेच उरले आहेत. म्हणून एखाद्या संस्थेने दहा गावांत दहा फलक लावण्याऐवजी एकाच गावाची दहा वर्षांची जबाबदारी स्वीकारावी. गावाने नियम करावेत, संस्थेने राखणीचा भार उचलावा, आणि दरवर्षी पावसाळा संपताच विहिरींची पातळी व गवताचे भारे मोजून दोघांनी ग्रामसभेसमोर हिशेब वाचून दाखवावा. दिवाळीला वही-पूजन करणाऱ्या समाजाला ही शिस्त नवी नाही. यंदा ऊसतोडीला किती कोयते गेले आणि गेल्या वर्षी किती गेले होते, हा आकडा त्या हिशेबाच्या शेवटच्या ओळीत असावा.