वारशाची बंदूक आणि वारसाची जबाबदारी



महाड तालुक्यात रायगड, तर पोलादपूर तालुक्यात नरवीर तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ. या मातीत शस्त्राविषयी आदर असणे स्वाभाविकच आहे. त्यातच डोंगरउतारावरील भात-नाचणी रानडुकरांपासून राखण्यासाठी कोकणातील शेतकऱ्यांच्या घरी ठासणीच्या बंदुका आल्या. काही सधन घरांत विलायती दुनळीही आली. दसऱ्याला तिची पूजा होते. परंतु घरचा कर्ता पुरुष निवर्तल्यावर ती बंदूक कोणाची, याचा विचार क्वचितच होतो.

शेतजमीन वारसाहक्काने मिळते. बंदूक तशी मिळत नाही. परवाना व्यक्तीच्या नावे असतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम २१ प्रमाणे परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाने ती विनाविलंब पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाची असते. नंतर स्वतःच्या नावे परवाना मागावयाचा. परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली असतील किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले असेल, तर त्याच्या हयातीतच वारसाला अर्ज करण्याची सोय २०१६ च्या नियमांत आहे. मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस, वारशाने आली तरी, दोनपेक्षा अधिक बंदुका बाळगता येत नाहीत. ‘ती तर जुनी, शोभेची’ हे उत्तर पुरेसे नाही. दुरुस्त करूनही जी झाडता येणार नाही, अशाच कालबाह्य शस्त्राला कायदा सूट देतो.

कागद पुरे झाले म्हणजे बंदूक वापरण्याजोगी झाली असे नव्हे. ठासणीच्या बंदुकीत जुना बार तसाच राहिलेला असू शकतो. म्हणून ती भरलेलीच आहे असे समजावे, घोडा ओढून पाहू नये आणि तपासणी जाणकार, परवानाधारक कारागिराकडूनच करवून घ्यावी.

दुनळीची जन्मकथा तिच्या नळ्यांच्या बुडाशी कोरलेली असते. तेथे निर्मात्याचे नाव, अनुक्रमांक आणि चाचणीच्या खुणा आढळतात. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले. नळी केवळ काळ्या दारूसाठी तपासली होती की आधुनिक धूरविरहित दारूसाठीही, हे या खुणांवरून कळते. नळीवर लाटांसारखी नक्षी दिसली, तर ती लोखंड व पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून, तापवून घडविलेली ‘दमास्कस’ नळी असण्याचा संभव असतो. तिच्या सांध्यांत आतून गंज धरला, तरी बाहेरून तो दिसत नाही. आणि कोकणच्या पावसाळी दमट हवेत गंजाला निमंत्रण लागत नाही.

आणखी एक धोका काडतुसाच्या लांबीचा. अनेक जुन्या बारा बोअर बंदुकांचे घर अडीच इंचांचे असते, तर आजची काडतुसे बहुधा पावणेतीन इंचांची. लांब काडतूस आत बसते खरे. पण बार उडताना त्याचे तोंड पुरते उघडायला जागा मिळत नाही, दाब वाढतो आणि नळी फुटू शकते. त्या वेळी डावा हात तिच्यावरच असतो.

शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हेही ध्यानी असावे. रानडुकराला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. वनखात्याच्या परवानगीवाचून त्याच्यावर बार टाकता येत नाही.

तेव्हा क्रम असा: आधी पोलीस ठाणे, मग परवाना, मग कारागीर. त्याने नकार दिला, तर बंदूक कायमची निकामी करून घेण्याची रीतसर परवानगी मागावी. पूर्वजांनी बंदूक बाळगली ती घर आणि शेत राखण्यासाठी. त्याच बंदुकीने घरातील कोणाचा हात किंवा डोळा जाऊ नये, एवढे पाहणे हे वारसाचे पहिले कर्तव्य आहे.