यंत्र नवे झाले, आवाज कोठे गेला?

(बार्शीटाकळी येथे शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



विंडोज 10 या संगणक प्रणालीला तिच्या निर्मात्यांकडून मिळणारे सर्वसाधारण साहाय्य 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले. तिच्या जागी येणारी विंडोज 11 ही प्रणाली जुन्या प्रोसेसरचा स्वीकार करीत नाही. साहजिकच ज्या शाळांना व कार्यालयांना संपूर्ण नवा संगणक घेणे परवडत नाही, ती पेटी व पडदा जुनाच ठेवून आतील मदरबोर्ड, प्रोसेसर व मेमरी बदलून घेतात. काटकसरीच्या दृष्टीने हा मार्ग योग्यच होय. परंतु पुष्कळदा असे घडते की, पडदा उजळतो, अक्षरे ठसठशीत दिसतात, कारागीर अकोल्याला परततो. आणि दुसऱ्या दिवशी पहिलीच्या वर्गाला कविता ऐकवावी म्हटले, तर स्पीकर मुका!

ही तक्रार वरवर पाहता किरकोळ वाटते. तथापि ज्या शाळेत दृष्टिहीन विद्यार्थी आहे, तेथे ती किरकोळ नाही. एनव्हीडीए हा पडदा-वाचक कार्यक्रम 2006 साली ऑस्ट्रेलियात सुरू झाला. तो विनामूल्य मिळतो व मराठी मजकूरही वाचून दाखवितो. अशा विद्यार्थ्याचा फळा तोच आणि पुस्तकही तेच. आवाज बंद पडला की त्याच्यापुरता संगणकच बंद पडतो. दूरदृश्य प्रणालीवरील बैठकीत ज्याचा आवाज पोहोचत नाही, त्या ग्रामपंचायतीचे म्हणणेही तेथे पोहोचत नाही.

असा आवाज बहुधा मेलेला नसतो, वाट चुकलेला असतो. जुन्या व्हीजीए केबलमधून पडद्याकडे केवळ चित्र जात असे. नव्या बोर्डावरील एचडीएमआय केबलमधून चित्र आणि ध्वनी दोन्ही जातात. त्यामुळे प्रणाली पडद्यालाच स्पीकर समजते आणि सारा आवाज तिकडे धाडते. पुष्कळ पडद्यांना स्पीकर नसतोच! उजव्या कोपऱ्यातील स्पीकरच्या चिन्हावरून ध्वनीचे साधन निवडता येते. तेथे पडद्याच्या नावाऐवजी स्पीकर निवडला की बहुतेक वेळा काम भागते. एवढ्यासाठी कारागिराचा फेरा व त्याचे भाडे सोसण्याचे कारण नाही.

त्याने भागले नाही, तर आधी स्पीकर मोबाइलला लावून पाहावा. तेथे तो वाजला तर दोष संगणकात आहे, हे ठरते. मग पिन पेटीच्या मागील हिरव्या छिद्रात घालावी; गुलाबी छिद्र मायक्रोफोनचे असते. मागे आवाज येतो व पुढे येत नाही, असे झाल्यास आतील जोडणीकडे पाहावे. जुन्या पेट्यांच्या पुढील भागातून येणाऱ्या तारेला दोन टोके असतात. एकावर एसी 97 असे लिहिलेले असते. ते 1997 सालचे मानक. दुसऱ्यावर एचडी ऑडिओ. ते 2004 चे. नव्या बोर्डाला दुसरे हवे असते. घाईत पहिले लावले गेले की पुढील छिद्र गप्प राहते. संगणक उघडण्यापूर्वी वीजपुरवठा तोडावा, हे येथे सांगणे अनाठायी होणार नाही.

आता ड्रायव्हर, म्हणजे प्रणाली व यंत्रभाग यांच्यातील दुभाषा. बार्शीटाकळीच्या लोकांना हे समजावून सांगण्यास लांब जावे लागत नाही. अकोला-पूर्णा लोहमार्ग 2008 साली मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला, तेव्हा जुने डबे धडधाकट असले तरी नव्या रुळांवर चालणारे नव्हते. जुन्या बोर्डाचा ड्रायव्हर नव्या बोर्डावर चालत नाही, तोही असाच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ध्वनीच्या नावापुढे पिवळी खूण दिसली, तर बोर्डाचा मॉडेल क्रमांक पाहून त्याच्या निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्यावा. फुकट ड्रायव्हर शोधून देण्याचे आमिष दाखविणाऱ्या कार्यक्रमांच्या वाटेस न जाणे बरे. मॉडेल क्रमांक खोक्यावर छापलेला असतो; पण आपल्याकडे ते खोके आधी रद्दीत जाते!

ध्वनीचे नावच यादीत नसेल, तर बायोसमध्ये तो विभाग बंद असण्याचा संभव असतो. ते काम जाणकाराकडून करून घ्यावे. बोर्डावरील ध्वनिविभाग खरोखर निकामी झाला असला, तरी यूएसबीला जोडावयाचे लहानसे ध्वनिसाधन काही शे रुपयांत मिळते. तेवढ्या कारणासाठी संगणकाच्या निर्लेखनाचा प्रस्ताव पाठविणे हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय होय.

आवाज येतो, पण त्यासोबत सतत घुमघुम ऐकू येते, अशी तक्रार असल्यास अर्थिंगही तपासावे. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात मीठ-कोळशाचा खड्डा कोरडा पडतो आणि त्याला पाणी घालण्याची आठवण कोणाला राहत नाही.

देयकावर ‘काम समाधानकारक’ असा शेरा मारण्यापूर्वी कारागिराच्या समक्ष मागचा व पुढचा आवाज ऐकावा, मायक्रोफोनवर दोन वाक्ये ध्वनिमुद्रित करून पाहावीत, आणि कोणता भाग बदलला त्याची नोंद साठा नोंदवहीत घ्यावी. शाळेत दृष्टिहीन विद्यार्थी असल्यास त्यालाच संगणकापुढे बसवून एनव्हीडीए सुरू करावे व त्याने होकार दिल्यावर मगच सही करावी.