दर्यावर्दी मनोहर आवटी : एक पुण्यस्मरण



मढ, मार्वे, वर्सोवा या किनाऱ्यावरील माणसाला दर्या परका नाही. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहण्याची येथील रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. मार्वे येथे नौदलाचा 'हमला' तळही आहे. तेव्हा मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी एका दर्यावर्दी सेनानीचे स्मरण उचितच होय. ते सेनानी म्हणजे कै. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी.

7 सप्टेंबर 1927 रोजी सुरत येथे त्यांचा जन्म झाला. 1971 च्या युद्धात ते 'कामोर्ता' या युद्धनौकेचे कप्तान होते. 'विक्रांत'वरील विमाने चितगाव व कॉक्स बाजारवर मारा करीत होती. त्याच वेळी पूर्व पाकिस्तानची समुद्रवाट अडविणाऱ्या नौकांत 'कामोर्ता' होती. या कामगिरीबद्दल त्यांना वीरचक्र मिळाले. पुढे मुंबईस पश्चिम नौदल विभागाचे प्रमुखपद भूषवून 1983 साली ते निवृत्त झाले.

निवृत्तीनंतर हा दर्याचा माणूस दर्यापासून दूर, फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहिला. पण मनातील एक ध्यास सुटला नाही. भारतीय माणसाने एकट्याने, केवळ शिडाच्या बळावर, पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा तो ध्यास.

2006 साली नौदलातील दिलीप दोंदे या कामास पुढे आले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 56 फुटी 'म्हादेई' बांधली गेली. ऑगस्ट 2009 मध्ये दोंदे मुंबईहून एकटे निघाले. वाटेत चार बंदरे घेऊन मे 2010 मध्ये ते परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. पुढे 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी यांनी कोठेही न थांबता हीच परिक्रमा पुरी केली. 2017-18 मध्ये तर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी'वरून जगाला वळसा घालून आल्या. ओडिशातील तारातारिणी देवीवरून त्या नौकेचे नाव ठेवलेले. ती देवी जुन्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांची रक्षणकर्ती मानली जाते.

मे 2018 मध्ये 'तारिणी' परतली, तेव्हा आवटी नव्वदीत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात विंचुर्णीस त्यांचे देहावसान झाले.

त्यांनी स्वतः ही प्रदक्षिणा केली नाही. ती करणारी माणसे उभी केली. मंदिराचा पाया घालणारे हात कळसावर दिसत नाहीत. तरी कळस उभा राहतो तो त्यांच्याच श्रमावर. आज ज्यांनी यथाशक्ती द्रव्य दिले, ज्यांनी दगड-वाळू वाहिली, त्यांच्या नातवंडांची प्रदक्षिणा याच मंदिराभोवती होणार आहे. आवटींच्या आयुष्याचे सार्थक यातच होते.

त्यांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन.